वेळ नोंदवा, मग टाळ्या वाजवा

"टायमिंगचं काय घेऊन बसलात? फिनिश केलंत ना, मग झालं!" रविवारी सकाळी मिरामार सर्कलच्या आसपास उभे राहा, हे वाक्य कानावर पडणारच. म्हणणारे सहसा धावणाऱ्यांच्या गटातले ज्येष्ठ असतात. गळ्यात मेडल, हातात केळं आणि मनात वाईट काहीही नाही. म्हणूनच त्यांना उत्तर देणं अवघड जातं. तरी ते द्यायला हवं, कारण पणजीपासून पेडणे-डिचोलीपर्यंत हौशी धावण्याचा जो पसारा वाढला आहे, त्यात ही शिकवण आता शास्त्रवचन होऊन बसली आहे. हौशी माणसानं वेळ बघू नये. बघितलीच तर कुणाला सांगू नये. पाच-दहा किलोमीटरवर रेंगाळू नये, लवकरात लवकर हाफ मॅरेथॉनला जावं आणि तिथंही फक्त पूर्ण करावं.

मला यातलं एकही कलम मान्य नाही.

ही शिकवण आली कुठून, ते आधी पाहू. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे दोन शिष्य 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदक जिंकले: पीटर स्नेल 800 मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्ग 5000 मीटरमध्ये. याच लिडियार्डनी पुढे ऑकलंडमधल्या पोट सुटलेल्या, छातीवर हात ठेवून जिने चढणाऱ्या मध्यमवयीन माणसांना हळूहळू पळायला लावलं. अमेरिकेचे बिल बॉवरमन तिथं गेले, ते पाहून थक्क झाले आणि परत येऊन 1967 मध्ये त्यांनी जॉगिंगवर पुस्तक काढलं. जगभरच्या हौशी धावण्याचा एक मोठा झरा तो. त्या मंडळींना 'घड्याळाकडे बघू नका, बोलता येईल इतकंच पळा' हे सांगणं अगदी योग्य होतं. पण ते पथ्य होतं. आजाऱ्यासाठी शिजवलेली पेज बरा झालेल्या माणसाच्या पानात जन्मभर वाढत राहिलं, तर त्याला पथ्य म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात. पहिले सहा महिने घड्याळ घरी ठेवा, हे मीही सांगेन. सातव्या महिन्यातही तेच सांगणाऱ्याला मात्र विचारीन, 'का बुवा?'

यावर हल्ली हमखास पार्करनचा दाखला दिला जातो. दर शनिवारी पाच किलोमीटर, फुकट, कुणीही यावं, चालत आलात तरी चालेल. भारतात हा उपक्रम नाही, पण त्याची कीर्ती इथवर पोचली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी संकेतस्थळावरून वेगाचे विक्रम आणि अव्वल धावकांच्या याद्या काढून टाकल्या, नवख्यांना त्याचं दडपण येतं म्हणून. 'बघा, त्यांनीसुद्धा वेळ सोडली!' असं मला ऐकवण्यात आलं. सोडली नाही हो. याद्या काढल्या, पण प्रत्येक धावकाची स्वतःची वेळ दर आठवड्याला आजही नोंदवली जाते आणि त्याला कळवली जाते. 2 ऑक्टोबर 2004 ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा जणांनी पहिली धाव घेतली तेव्हा त्या उपक्रमाचं नावच 'बुशी पार्क टाइम ट्रायल' होतं. म्हणजे जगातल्या सर्वांत बिनस्पर्धेच्या शर्यतीचा जन्म घड्याळातूनच झाला. विक्रमांची यादी लावायची की नाही यावर वाद घाला, माझी हरकत नाही. धावणाऱ्याला त्याचा आकडा द्यायचा की नाही, यावर वाद कसला?

आपल्याकडचा दाखला तर याहून जुना आणि जवळचा आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात आसपासच्या खेड्यांतले शेतकरी अनवाणी धावले. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. या गड्यांना ना प्रशिक्षण होतं, ना शर्यतीचे नियम ठाऊक होते, पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांच्या जवळपास जात होत्या, हे टाटांच्या ध्यानात आलं. त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी भारताचा चमू उभा राहिला. त्या चमूतले बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले. आता कल्पना करा, त्या मैदानावर कुणी वेळच लावली नसती आणि 'शाब्बास गड्यांनो, पूर्ण केलंत हेच खूप' म्हणून नारळ देऊन सगळ्यांना घरी पाठवलं असतं, तर? त्या शेतकऱ्यांकडे बूट नव्हते, नाव नव्हतं, ओळख नव्हती. त्यांच्या बाजूनं बोलणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वेळ.

हा मुद्दा आजही शिळा झालेला नाही. पणजीतल्या एका शर्यतीनंतरचं दृश्य मी पाहिलं आहे. शर्यतीचं नाव नको. पेडण्याहून काळोखात भावाच्या स्कूटरवर मागे बसून आलेली, कॉलेजात शिकणारी मुलगी. पायात शाळेतले कॅनव्हासचे बूट. छातीवरच्या क्रमांकाच्या बिबला एकच सेफ्टी पिन, त्यामुळे तो धावताना फडफडून चुरगळलेला. निकालाच्या टेबलाशी ती आली आणि स्वयंसेवकाला म्हणाली, "दादा, माझं टायमिंग कुठं मिळेल?"

"कुठली कॅटेगरी?"

"पाच किलोमीटर."

"ती फन रन गो. तिला टायमिंग नसतं. मेडल घेतलंस ना?"

"घेतलं," ती म्हणाली आणि तरीही तिथंच उभी राहिली. तिच्या बाजूला हाफ संपवून आलेले चाळिशीतले गृहस्थ मोबाइलवर आलेला संदेश मित्रांना दाखवत होते. तीन तासांच्या वर लागले होते, पण वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली. त्यांच्या बिबच्या मागे वेळ नोंदवणारी चिप होती, तिच्या बिबच्या मागे कोरा कागद. पैसे दोघांनीही भरले होते. माझा अंदाज असा की ती तिच्या शर्यतीत पहिल्या पाचांत असावी. पण अंदाजच, कारण नोंद कुणाकडेच नाही. पुढच्या वर्षी ती आलीच, तर स्वतःच्या कुठल्या वेळेच्या पुढं जायचं ठरवणार?

'वेळेचं काय घेऊन बसलात' या वाक्याचा खरा लाभ कुणाला होतो, ते इथं कळतं. धावणाऱ्याला नव्हे, आयोजकाला. वेळ महत्त्वाची नाही असं एकदा सगळ्यांच्या गळी उतरवलं की चिपचा खर्च वाचतो, निकाल लावायची कटकट वाचते, वयोगट पाडावे लागत नाहीत आणि सर्वांत सोयीचं म्हणजे अंतर मोजावं लागत नाही. पाच किलोमीटर म्हणजे साधारण पाच. कधी पावणेपाच, कधी सव्वापाच. विचारलं तर उत्तर तयार: अहो, फन रन आहे!

अंतर मोजायचं शास्त्र आहे आणि ते महागडंही नाही. सायकलच्या पुढच्या चाकाला एक मोजणी-यंत्र लावतात. ॲलन जोन्स या अमेरिकनानं 1971 मध्ये ते बनवलं आणि आजही त्याच्याच नावानं ओळखलं जातं. आधी पोलादी टेपनं मोजलेल्या सरळ रस्त्यावर सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं, मग शर्यतीच्या मार्गावर धावणाऱ्याला शक्य असलेली सर्वांत जवळची वाट धरून, वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटरवरून, सायकल न्यायची. वर हजारात एक इतकं अंतर जादा धरायचं, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. 10 किलोमीटरचा मार्ग अशा रीतीनं 10,010 मीटरचा आखला जातो. हे एका दिवसाचं काम आहे. स्कूटरच्या मीटरवर किंवा मनगटावरच्या जीपीएसवर विसंबून आखलेल्या मार्गाचा भरवसा नाही. जीपीएस झाडाखाली आणि इमारतींच्या मधे भरकटतं, शिवाय आपण धावताना सगळीच वळणं आतून कापत नाही, त्यामुळे मार्ग बरोबर असला तरी घड्याळ थोडं जास्तच दाखवतं. 'माझ्या घड्याळात 10.2 आलं' म्हणून आयोजकाशी भांडणारे धावकही मी पाहिले आहेत. त्यांचीही बाजू घेणार नाही. पण मार्ग तीनशे मीटरनं आखूड असेल, तर किलोमीटरला सहा मिनिटं घेणाऱ्याची वेळ 1 मिनिट 48 सेकंदांनी फुकटची सुधारते. तो बिचारा वर्षभर त्या खोट्या वेळेच्या मागे पळत राहतो आणि आपण मागे पडलो असं समजतो.

आता पुढचं कलम, पाच-दहावर रेंगाळू नका हे. आमच्याकडे पाच किलोमीटर म्हणजे शाळकरी पोरांचं आणि सुनेला सोबत म्हणून आलेल्या सासूबाईंचं अंतर, अशी समजूत आहे. दहा म्हणजे हाफच्या वाटेवरचा बसथांबा. धावायला लागून वर्ष झालं नाही तोच 'हाफ कधी?' ही विचारणा सुरू होते, लग्नाच्या वयातल्या मुलाला होते तशीच. खरं पाहता सुधारणा करायची तर छोटं अंतरच सोन्यासारखं. पाच किलोमीटर जीव तोडून पळालात तरी तीन-चार दिवसांत पाय मोकळे होतात आणि तीन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा देता येते. हाफनंतर शरीर पुन्हा जाग्यावर यायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि एका हंगामात दोन-तीनपेक्षा जास्त हाफ नीट धावताच येत नाहीत. काय चुकलं, काय जमलं, हे शिकायला संधी जास्त कुठं?

आकडेच हवे असतील तर पीटर रीगल या अमेरिकन अभियंत्यानं 1977 मध्ये मांडलेलं सूत्र घ्या. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून किंचित जास्त, सुमारे 2.085 पट होतो. म्हणजे 5 किलोमीटर 30 मिनिटांत जाणारा 10 किलोमीटरला साडेबासष्ट मिनिटांच्या आसपास येईल आणि हाफला 2 तास 18 मिनिटांच्या. त्यानंच पाच किलोमीटर 28 मिनिटांवर आणलं, तर हाफचा हिशेब 2 तास 9 मिनिटांच्या आत येतो. लांब धावा पुरेशा झालेल्या असतील तर, हे अर्थातच गृहीत. छोट्या अंतरावर कमावलेली दोन मिनिटं मोठ्या अंतरावर नऊ होऊन परत मिळतात. उलट बाजूनं, नुसतं अंतर वाढवत नेणाऱ्यांचा वेग वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि मग ते सांगू लागतात की वेळेला महत्त्व नाही.

वेळेवर लक्ष ठेवलं की सरावातलं ढोंगही उघडं पडतं. नॉर्वेत काम करणारे अमेरिकन संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची ऐंशी टक्क्यांच्या आसपास सत्रं हलक्या श्रमाची आढळली आणि उरलेली खरोखर कडक. आमचा हौशी धावक नेमकं याच्या उलट करतो. कांपालहून दोनापावलकडे रोज एकाच, अर्धवट धापा टाकणाऱ्या वेगानं जातो. धड हळू नाही, धड जोरात नाही. हळू किती हळू असावं, हेही घड्याळच सांगतं, हे 'घड्याळ सोडा'वाल्यांच्या लक्षात येत नाही. पणजीत तर सरावाची चैन आहे. आल्तिनोचा चढ पाय घडवायला आहे. पाटोहून रायबंदरला जाणारा, सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला तीनेक किलोमीटरचा सपाट बांध एकसारखा वेग धरायला आहे. फक्त गाड्या सुरू व्हायच्या आत जा. बांबोळीला सिंथेटिक ट्रॅक आहे. 2014 चे लुसोफोनिया खेळ आणि 2023 ची राष्ट्रीय स्पर्धा या दोन्हींच्या निमित्तानं आपण त्या स्टेडियमचं कौतुक केलं आणि नंतर त्याला विसरलो. आठवड्यातून एकदा तिथं 400 मीटरच्या सहा-आठ फेऱ्या, मधे पुरेशी विश्रांती, आणि बाकीचे दिवस खरोखरच गप्पा मारत पळणं. काही महिने एवढंच नेमानं करा. पहिल्या वर्षात पाच किलोमीटरच्या वेळेत फरक पडला नाही असा निरोगी माणूस माझ्या तरी बघण्यात नाही.

'आम्ही सुशेगाद माणसं, आम्हाला सेकंदांचं काय!' हा पुढचा आक्षेप. पर्यटनाच्या जाहिरातीत तो शोभतो. पहाटे भोंपू वाजवत पाव घेऊन येणाऱ्या पदेराला उशीर झाला तर डिचोलीतल्या घरात चहा अडतो. 2012 साली खाणी बंद पडेपर्यंत साखळी-आमोण्याच्या रस्त्यावरच्या ट्रकवाल्याची कमाई दिवसाच्या खेपांवर ठरत होती. मोपाला विमानतळ झाल्यापासून पेडण्याची पोरं पाळीच्या घड्याळावर जगतात. वेळ सांभाळून जगणाऱ्या माणसाला धावताना मात्र वेळेची शुद्ध नसावी, हा सल्ला गोंयकाराच्या स्वभावातून आलेला नाही.

हवामानाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास असतो. पणजीत तो विशीच्या आसपास असतो आणि हवा दमट. घाम येतो पण उडत नाही, त्यामुळे अंग निवत नाही, आणि पायांना हवं असलेलं रक्त त्वचेकडे वळतं. म्हणून इथली 30 मिनिटं आणि पुण्यातली 30 मिनिटं सारखी नव्हेत. पण यातून वेळ नोंदवू नये असं कसं निघतं? निघतं ते एवढंच की पणजीची वेळ पणजीच्याच वेळेशी ताडावी, डिसेंबरची डिसेंबरशी. आणि आयोजकांना एक विनंती: पाहुणे, भाषण, झुंबा आणि दीपप्रज्वलन आटोपून सव्वासातला पाच किलोमीटर सोडू नका. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास वर येतो, सगळ्यांना कळतं, फक्त मंचावरच्यांना कळत नाही.

उरला सर्वांत जड आक्षेप. वेळेचा बडेजाव केला की हळू धावणाऱ्यांचा, वयस्कांचा, जाड्यांचा अपमान होतो. होतो, हे मान्य. 2019 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये साडेसात तासांच्या गटाला वेग धरून देणाऱ्या अधिकृत पेसरनं तक्रार केली होती की कंत्राटी कर्मचाऱ्यांनी मागच्यांना जाडे म्हणून हिणवलं आणि ते अजून धावत असतानाच रस्ता आवरायला घेतला. आयोजकांना माफी मागावी लागली. पण तिथं पाप घड्याळानं केलं की माणसांनी? साडेसात तासांचा पेसर नेमणारी शर्यत त्या वेळेची किंमत ओळखत होती. ती न ओळखणाऱ्यांनी टोमणे मारले. हळू असणं आणि वेळ न मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच किलोमीटर 48 मिनिटांवरून 44 वर आणणाऱ्या साठीच्या बाईंनी चार मिनिटं कमावली आहेत. "वेळेचं सोडा हो काकू" म्हणताना आपण त्यांच्या हातातली तीच कमाई काढून घेतो, वर मोठं मन दाखवल्याचा आव आणतो. वयाप्रमाणे वेळ जोखायची सोय जगभर आहे: त्या वयाच्या आणि लिंगाच्या जागतिक सर्वोत्तम वेळेशी आपल्या वेळेचं प्रमाण टक्क्यांत काढतात. त्या हिशेबात साठीच्या काकू तिशीतल्या भाच्याला सहज मागे टाकू शकतात. आमच्या शर्यतींत तो तक्ता लावलेला मी पाहिला नाही, आणि तोच लावला तर किती जणींना स्फुरण चढेल!

'सावकाश पूर्ण करणं सुरक्षित असतं' हेही डोळे मिटून मानू नका. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या 488 धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा खाली उतरलेलं निघालं. वाटेत भरमसाट पाणी पिऊन वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेले यांना धोका अधिक होता. तयारीशिवाय मोठ्या अंतराला हात घालायचा आणि वेळ बघत नाही म्हणून निर्धास्त राहायचं, ही सुरक्षितता नव्हे. छोटं अंतर नीट धावायला शिकलेल्या माणसाला आपली मर्यादा कळते, कारण त्याच्याकडे नोंद असते.

वेळेपायी वेडे झालेले लोकही असतात, त्यांचं समर्थन मी करत नाही. मुलाच्या वाढदिवशी ट्रॅकवर इंटरव्हलचा सराव, लंगडत रेस, दर धावेचा आलेख सगळ्या गावाला. हा रोग आहे. पण त्याचं औषध आकडा लपवणं हे नाही.

पणजीत, म्हापशात, डिचोलीत पुढच्या शर्यतीची नोंदणी सुरू झाली की पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा आणि विचारा: मार्ग कुणी आणि कशानं मोजला? पाच किलोमीटरला वेळ मिळणार का, की ती फक्त हाफवाल्यांसाठी? उत्तर टाळलं गेलं तर नोंदणी करू नका. परवानगी काढून एखाद्या पहाटे दोन मित्रांसह बांबोळीच्या ट्रॅकवर जा आणि साडेबारा फेऱ्या मारा. तेवढ्यात बरोबर पाच हजार मीटर होतात.